जुना रॉक इतका का टिकतो, आणि नवीन चांगलं म्युझिक सापडायला इतके कष्ट का पडतात

१९६९ म्हटलं की रॉक ऐकणाऱ्या माणसाला काय काय आठवतं बघा. वुडस्टॉकचा संगीत महोत्सव, बीटल्सचा 'ॲबी रोड', लेड झेपलिनचे पहिले दोन्ही अल्बम त्याच एका वर्षात. आणि मग आपण म्हणतो काय तो काळ होता, आता असं कोण करतंय. पण त्या वर्षी अमेरिकेत बिलबोर्ड मासिकाच्या हिट गाण्यांच्या वार्षिक यादीत एक नंबरला कोण होतं माहितीये? द आर्चीज. म्हणजे आपण लहानपणी ज्यांची कॉमिक्स वाचायचो त्या आर्ची, बेटी, व्हेरॉनिकाचा कार्टूनमधला बँड, जो प्रत्यक्षात अस्तित्वातच नव्हता. स्टुडिओतल्या गायकांनी आवाज दिले आणि 'शुगर, शुगर' हे गाणं वर्षातलं सगळ्यात मोठं हिट झालं. गाणं वाईट आहे असं अजिबात नाही, छान आहे, पण आपल्या डोक्यात जे १९६९ आहे त्यात ते कुठेच नाही, आणि तेव्हा रेडिओ लावणाऱ्या माणसाच्या कानावर मात्र तेच सगळ्यात जास्त पडत होतं.

"आता पूर्वीसारखं म्युझिक होत नाही" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय किंवा म्हटलंय, त्यावर वादही भरपूर होतात, पण ते वाद कुठेच पोचत नाहीत कारण त्या एका वाक्यात बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी गुंतलेल्या असतात, काळाने केलेली निवड, रेडिओचा धंदा, आपलं वय, रेकॉर्डिंगची पद्धत, कंपन्यांचं पैशाचं गणित. त्यातलं काही खरंच बदललंय आणि काही नुसतं तसं वाटतं. माझं मत आधीच सांगून टाकतो. चांगलं म्युझिक आजही भरपूर होतंय. पूर्वी ते निवडून, पुन्हापुन्हा ऐकवून आपल्यापर्यंत आणायचं काम दुसरं कोणीतरी करायचं, आता ते काम आपल्या अंगावर येऊन पडलंय, आणि बऱ्याच जणांच्या हे लक्षातच आलेलं नाही.

पहिली गोष्ट सोपी आहे. धान्य चाळल्यावर खडे खाली राहतात तसं पन्नास वर्षांत सुमार गाणी आपोआप मागे पडतात. सत्तरच्या दशकात पण रटाळ, एकमेकांची नक्कल करणारे, एका गाण्यापुरते आलेले शेकडो बँड होते, त्यांची नावं आज कोणाला माहीत नाहीत कारण ती कोणी पुढे दिलीच नाहीत. म्हणजे आपण तुलना करतो ती त्या काळातल्या पन्नास वर्षं चाळून उरलेल्या मालाची आणि आजच्या न चाळलेल्या अख्ख्या ढिगाची. अशा तुलनेत आजचा काळ कधीच जिंकणार नाही, आणि १९६९ मध्ये असा ढीग समोर असता तर तेही जिंकलं नसतं. इतपत बहुतेक लोक मान्य करतात.

पण चाळलं कोणी? नुसता काळ असं काही करत नाही, माणसं करतात, आणि इथे अमेरिकन रेडिओची गोष्ट कळली की बरंच काही उलगडतं, म्हणून जरा तपशिलात जातो.

साठच्या दशकात तिथे एफएम स्टेशनं होती, आवाज जुन्या एएम रेडिओपेक्षा कितीतरी स्वच्छ, पण बरेच मालक आपल्या एएम स्टेशनवरचाच कार्यक्रम एफएमवर जसाच्या तसा लावून द्यायचे. मग तिथल्या सरकारी नियामकाने, एफसीसीने, मोठ्या शहरांसाठी नियम केला की हे चालणार नाही, एफएमवर बराचसा वेळ वेगळं काहीतरी लावा. १९६७ च्या सुमाराला हा नियम लागू झाला आणि अचानक इतक्या सगळ्या स्टेशनांना तासन् तास भरायला काहीतरी हवं होतं, ऐकणारे अजून कमी, जाहिराती कमी, त्यामुळे जोखीम पण कमी. मग त्यांनी तरुण डीजे ठेवले आणि त्यांना सांगितलं लावा काय लावायचं ते. हे लोक अल्बमची अख्खी बाजू लावायचे, वीस वीस मिनिटं, मध्ये जाहिरात नाही. दहा मिनिटांचं गाणं करणाऱ्या बँडला घरोघरी पोचायचा रस्ता मिळाला तो असा. त्या काळात म्युझिक इतकं मोकळं का झालं याची कारणं सांगताना लोक ड्रग्ज, व्हिएतनाम, विद्यार्थी चळवळ सगळं सांगतात, ते खरंच आहे, पण एका सरकारी कार्यालयातल्या या रुक्ष नियमाचा वाटा पण मोठा आहे हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

हे मोकळेपण फार टिकलं नाही. पैसा दिसायला लागल्यावर सत्तरच्या दशकात कुठली गाणी लावायची ते सांगणारे सल्लागार आले, गाण्यांच्या याद्या आखूड झाल्या. मग ऐंशीच्या दशकाच्या मध्यात "क्लासिक रॉक" नावाचा रेडिओ फॉरमॅट आला, म्हणजे हे लेबल म्युझिक करणाऱ्यांनी दिलेलं नाही, रेडिओ चालवणाऱ्यांनी दिलेलं आहे. तेव्हापर्यंत १९७० ला कॉलेजात असलेली पोरं पस्तिशीला आली होती, नोकरी, गाडी, घराचं कर्ज, जाहिरातदारांना हवा असलेला अगदी तोच माणूस. त्याला गाडीत बसल्यावर त्याच्या तरुणपणचं काहीतरी ऐकवायचं, बस. मग कुठलं गाणं लावायचं हे ठरवायची पद्धत अशी की एका हॉलमध्ये लोकांना जमवायचं, शेकडो गाण्यांचे सात-दहा सेकंदांचे तुकडे वाजवायचे आणि मार्क द्यायला सांगायचं. विचार करा, सात सेकंदांत मार्क कशाला मिळणार? जे आधीच ओळखीचं आहे त्याला. हळूहळू उलगडणारं गाणं, अल्बमच्या दुसऱ्या बाजूला शेवटी असलेलं गाणं, कमी ऐकलं गेलेलं गाणं, सगळी तिथेच बाद. १९९६ ला अमेरिकेत कायदा बदलला, देशभरात एका कंपनीकडे जास्तीत जास्त ४० स्टेशनं ही मर्यादा उठली, आणि काही वर्षांत क्लिअर चॅनल या एकाच कंपनीकडे बाराशेच्या वर स्टेशनं जमली. मग शहर बदललं तरी गाणी तीच.

याचा परिणाम म्हणजे लेड झेपलिनचे आठ स्टुडिओ अल्बम आहेत पण रेडिओवर आलटूनपालटून त्यातली मूठभर गाणी. आणि कोण गाळलं गेलं तेही बघायला हवं. झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमवरचं शेवटचं गाणं, 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स', हे मुळात १९२९ ला कॅन्सस जो मॅकॉय आणि मेम्फिस मिनी या कृष्णवर्णीय जोडीने रेकॉर्ड केलेलं आहे, १९२७ च्या मिसिसिपीच्या महापुरावरचं. मेम्फिस मिनी गिटार काय वाजवायची ते एकदा ऐका. ज्या बायकांनी आणि कृष्णवर्णीय वादकांनी हा सगळा पाया घातला ते त्या क्लासिक रॉकच्या यादीत जवळपास नाहीतच. तेव्हा ही यादी म्हणजे "त्या काळातलं सर्वोत्तम" नसून त्या काळातलं जे जाहिरातींना सोयीचं होतं त्यातलं सर्वोत्तम आहे. त्यातली गाणी थोर आहेत याबद्दल मला कणभर शंका नाही, पण निवड निखळ नव्हती.

आता यात आपल्या मेंदूचा भाग काय ते बघू. रॉबर्ट झायोंक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९६८ ला प्रयोगांमधून दाखवलं की एखादी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली की ती आपल्याला जास्त आवडायला लागते, त्याने लोकांना अर्थ नसलेले शब्द, चिनी वाटणारी अक्षरं, अनोळखी चेहरे दाखवले, जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त बरं वाटलं. गाण्याला हे फार लागू पडतं कारण गाण्याची मजाच अर्धी अपेक्षेत असते, आता ती गिटार सुटणार, आता तो ड्रम येणार, आणि तो येतो. पहिल्यांदा ऐकताना ही अपेक्षाच नसते. म्हणून झेपलिनचं 'स्टेअरवे टू हेवन' आपण शेकडो वेळा ऐकलेलं असतं आणि नवीन बँडचं गाणं अर्धवट एकदा, आणि आपण म्हणतो नवीन गाण्यात ती बात नाही. ही तुलना त्या नवीन गाण्यावर अन्याय करणारी आहे, इतकं सरळ आहे ते.

दुसरं म्हणजे वय. होलब्रूक आणि शिंडलर या दोघांनी १९८९ ला अभ्यास छापला, वेगवेगळ्या वयाच्या लोकांना १९३० पासून १९८० पर्यंतच्या दशकांतली गाणी ऐकवली, आणि दिसलं असं की माणसाला सरासरी त्याच्या तेवीस-चोवीस वयाच्या आसपास गाजलेली गाणी सगळ्यात जास्त आवडतात. त्या वयात पहिलं प्रेम, पहिली नोकरी, घर सोडणं, सगळं एकदम चालू असतं आणि गाणं त्याला चिकटून राहतं. म्हणून प्रत्येक पिढीला आपल्या वेळचं म्युझिक शेवटचं चांगलं म्युझिक वाटतं.

पण मग आज वीस वर्षांचा मुलगा पिंक फ्लॉइडचा टी-शर्ट घालून का फिरतो? यावर कॅरोल क्रुमहान्सल आणि जस्टिन झुपनिक यांचा २०१३ चा अभ्यास आहे, तो मला फार आवडतो. त्यांनी विशीतल्या मुलांना १९५५ पासूनची हिट गाणी ऐकवली. अपेक्षेप्रमाणे त्यांच्या स्वतःच्या वयातली गाणी जवळची वाटली, पण मध्येच ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला एक उंचवटा आला, म्हणजे त्यांचे आईबाप तरुण होते तेव्हाची गाणी, आणि साठच्या दशकात अजून एक. ही गाणी घरात, गाडीत, स्वयंपाक चालू असताना लहानपणी कानावर पडलेली. साठच्या दशकाबद्दल मात्र त्यांनी प्रामाणिकपणे दोन्ही शक्यता ठेवल्यात, आजीआजोबांचा परिणाम असेल किंवा ते म्युझिकच तेवढं चांगलं असेल.

आपल्याकडे हे वेगळ्या वाटेने आलं. बहुतेक मराठी घरात आईबाबा झेपलिन ऐकत नव्हते, रेडिओवर लता-किशोर, भावगीतं, फार तर नाट्यसंगीत. रॉक आला तो मोठ्या चुलतभावाच्या कॅसेटमधून आणि नंतर इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर, लॅनवर, सीनियरच्या हार्ड डिस्कमधल्या एका फोल्डरमधून. त्या फोल्डरमध्ये फ्लॉइड, झेपलिन, डोअर्स, ईगल्स, डायर स्ट्रेट्स, मेटालिका हमखास असायचे, आणि तो फोल्डर बॅचमागून बॅच तसाच पुढे जायचा, कोणी त्यात फारसं काही टाकायचं नाही. म्हणजे आपल्या त्या विशीच्या खिडकीत जे म्युझिक येऊन बसलं ते आपल्या काळाचं नव्हतंच, आपल्या जन्माच्या आधीचं होतं. अमेरिकन माणसाची १९७५ ची आठवण आपण २००५ ला पुण्यातल्या होस्टेलच्या खोलीत आपली करून घेतली. मला यात वाईट काहीच वाटत नाही, उलट सुंदर वाटतं, फक्त एवढं कळायला हवं की तो फोल्डर पण कोणीतरी चाळूनच दिलेला होता.

अगदीच परकं पण नाही म्हणा हे. क्वीन बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बुलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच शाळेच्या 'द हेक्टिक्स' नावाच्या बँडमध्ये पियानो वाजवायचा. आणि १९७२ ला झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले होते, इथल्या वादकांना घेऊन त्यांनी आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्ड केली, सतार, सारंगी, तबला घालून. ती रेकॉर्डिंग अधिकृतपणे बाहेर आली २०१५ ला. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या क्लबमध्ये ते वाजवूनही गेले.

बरं, मग काय सगळं आठवणींचंच आहे, प्रत्यक्षात काही फरकच नाही? तर तसंही नाही, आणि इथे "जुनं ते सोनं" म्हणणाऱ्यांच्या बाजूने मला बोलायचंय. फरक ऐकू येतो आणि तो खरा आहे.

मघाचं झेपलिनचं 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स' घ्या. ड्रम्स वाजवायला जॉन बॉनहॅम. रेकॉर्डिंग स्टुडिओत नाही, इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या, थंड, मोठ्या घरात. इंजिनिअर अँडी जॉन्सने ड्रम किट खाली जिन्याच्या हॉलमध्ये ठेवलं आणि दोन माइक वर जिन्याच्या मजल्यावरून टांगले. ड्रमला चिकटून एकही माइक नाही. त्यामुळे आपण ऐकतो तो नुसता ड्रम नाही, ते अख्खं घर वाजतंय, भिंती, छत, जिना, हवा. हेडफोन लावून फक्त पहिले काही सेकंद ऐका, खोलीचा आकार कळतो. तो ठेका नंतर हिपहॉपवाल्यांनी इतक्या वेळा उचलला, बीस्टी बॉइजने तर १९८६ लाच, कारण तसा आवाज मशिनमधून येत नव्हता.

किंवा रोलिंग स्टोन्सचं १९६९ चं 'हाँकी टाँक विमेन' ऐका. सुरुवातीची लय आणि शेवटची लय ताडून बघा, गाणं मध्ये स्पष्टपणे जलद होतं. आज असं रेकॉर्डिंग बऱ्याच ठिकाणी "दुरुस्त" करतील, कारण आता कॉम्प्युटरवर प्रत्येक ठोका ओढून काटेकोर रेषेवर बसवता येतो. आपल्याकडे बैठकीत लय चढते तेव्हा आपण माना डोलावतो, ती चूक समजत नाही. माणसं एकमेकांकडे बघत वाजवतात तेव्हा लय थोडी श्वास घेते, आणि ते कानाला कळतं, भले नाव देता येवो न येवो.

अजून एक सांगतो, पिंक फ्लॉइडच्या 'मनी' ची सुरुवात. नाण्यांचा खणखणाट, कागद फाडल्याचा आवाज, गल्ल्याचा खडखडाट. कॉम्प्युटर नव्हता, तर प्रत्येक आवाज वेगळा टेपवर रेकॉर्ड केला, पट्टीने मोजून टेपचे सारख्या लांबीचे तुकडे कापले, जोडले आणि त्याचं वेटोळं करून मशिनवर फिरवत ठेवलं. सात तुकडे, म्हणून सात मात्रा. रूपक ताल ज्यांच्या हातात बसलाय त्यांनी हे गाणं मोजून बघावं, आणि मग गिटारचा सोलो लागतो तिथे ते चारात जातं, तो क्षण पकडावा. ज्या अल्बमवर हे आहे तो 'द डार्क साइड ऑफ द मून', १९७३ चा, बिलबोर्डच्या अल्बम यादीत १९८८ पर्यंतच सातशेच्या वर आठवडे होता. इतका वेळ देऊन, इतकं हाताने घडवलेलं काम टिकतं यात नवल नाही.

आवाजाच्या पातळीचीही एक कथा आहे. सीडी आल्यावर कंपन्यांत चढाओढ लागली की आपलं गाणं शेजारच्या गाण्यापेक्षा मोठं ऐकू यायला हवं, मग हळू आणि मोठ्या आवाजातला फरक दाबत दाबत सगळं एकाच पातळीवर आणलं. २००८ ला मेटालिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक' वेळी तर फॅन्सनीच तक्रार केली, कारण तीच गाणी गिटार हिरो या व्हिडिओ गेममध्ये जास्त स्वच्छ ऐकू येत होती. त्या वीसेक वर्षांतलं म्युझिक ऐकताना कान थकतात असं कोणी म्हणालं तर ते बरोबर आहे, वयाचा दोष नाही. आता स्पॉटिफायसारख्या ॲप सगळी गाणी साधारण एका पातळीवर आणूनच वाजवतात, त्यामुळे ती चढाओढ बरीच निरर्थक झालीय, आणि नवीन बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये पुन्हा मोकळी हवा ऐकू येते.

आणि पैशाचं. फ्लीटवूड मॅकचा 'रूमर्स' १९७७ चा. तो त्यांचा अकरावा अल्बम होता. अकरावा! बँड १९६७ ला लंडनमध्ये ब्लूज बँड म्हणून सुरू झाला, माणसं आली, गेली, गिटारवादक बदलले, देश बदलला, आणि दहा वर्षांनी तो अल्बम झाला. ब्रूस स्प्रिंगस्टीनचे पहिले दोन अल्बम फारसे विकले गेले नाहीत, तिसऱ्याने, १९७५ ला, नाव केलं. कंपन्या दयाळू होत्या असं नाही, पण अल्बम विकून एवढा पैसा यायचा की काही घोडे दोन-तीन शर्यती हरले तरी परवडायचं. आज नवीन बँडला तेवढी मुदत कोण देतं? स्ट्रीमिंगवर तीस सेकंद ऐकलं तर एक स्ट्रीम मोजतात, त्यामुळे गाण्याने आपला मुखडा लवकर दाखवावा असा दबाव येतो, लांब प्रस्तावना परवडत नाही. आणि स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला काहीच पैसे मिळत नाहीत. मला हे चुकीचं वाटतं, रक्कम छोटी असेल, पण सुरुवात करणाऱ्यालाच दार बंद करणं आहे ते.

दुसऱ्या टोकाला जुन्या गाण्यांचे हक्क प्रचंड किमतीला विकले जातायत. बॉब डिलनने २०२० ला आपली गाणी युनिव्हर्सलला विकली, स्प्रिंगस्टीनने २०२१ ला सोनीला. आता ज्याने शेकडो मिलियन डॉलर मोजलेत तो ती गाणी सिनेमात, जाहिरातीत, सिरीजमध्ये दिसतील याची काळजी घेणारच. २०२२ ला 'स्ट्रेंजर थिंग्ज' या सिरीजमुळे केट बुशचं १९८५ चं 'रनिंग अप दॅट हिल' ब्रिटनमध्ये एक नंबरला गेलं, सदतीस वर्षांनी. खूप आनंदाची गोष्ट आहे, गाणं अफाट आहे, पण तिथे त्या आठवड्यात जागा एकच होती.

एक आकडा या वादात सारखा फेकला जातो, की अमेरिकेत जे म्युझिक ऐकलं जातं त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास "जुनं" आहे. आकडा खरा आहे पण तिथे जुनं म्हणजे अठरा महिन्यांपेक्षा जुनं. म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं टेलर स्विफ्टचं गाणं पण त्यात. त्या आकड्यावरून सगळं जग सत्तरच्या दशकात परत गेलंय असं काढणं बरोबर नाही.

मग नवीन सापडत का नाही? कारण ढीग. रोज जवळपास लाखभर गाणी स्ट्रीमिंगवर चढतात असं कंपन्यांचे प्रमुखच २०२२ पासून सांगतायत. इतकं कोणीच चाळू शकत नाही, म्हणून काम अल्गोरिदमवर सोडलंय, आणि त्याची मुख्य रीत सोपी आहे, तुमच्यासारखीच गाणी ऐकणारे बाकीचे लोक काय ऐकतात ते तुम्हाला दाखवायचं. यात खोट अशी की तुम्ही दहा वर्षं ईगल्स आणि डायर स्ट्रेट्स ऐकले असतील तर "तुमच्यासारखे लोक" पण तेच ऐकणारे, मग तुम्हाला त्याच काळातला सुपरट्रॅम्प बँड दाखवतील. सवयीचं चक्र. शिवाय नवीन गाण्यावर कोणाचाच इतिहास जमलेला नसतो, त्यामुळे ते कोणाला दाखवायचं हे मशिनला कळत नाही. आणि २०१७ ला अमेरिकेत हिपहॉप आणि आर अँड बी ने ऐकण्याच्या बाबतीत रॉकला मागे टाकलं, म्हणजे मुख्य प्रवाहात उभं राहून वाट बघितली तर गिटार वाजवणारे बँड समोरून जाणारच नाहीत. ते आहेत, बाजूच्या गल्लीत आहेत.

तिथे जायचं कसं, तर माणसांच्या मागे जा, प्लेलिस्टच्या मागे नको. एक चांगला अल्बम सापडला की त्याचा प्रोड्युसर कोण, लेबल म्हणजे रेकॉर्ड कंपनी कोणती, ड्रमर अजून कुठे वाजवतो हे बघा, एका नावातून दहा नावं निघतात. सिॲटलचं केईएक्सपी हे रेडिओ स्टेशन ऐकणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतं, तिथे बँड स्टुडिओत येऊन वाजवतात आणि ते सगळं यूट्यूबवर आहे. ते मला सगळ्यात भरवशाचं वाटतं कारण बँडला खरंच वाजवता येतं की नाही हे वीस मिनिटांत कळतं. आवडलं तर बँडकॅम्प या वेबसाइटवर विकत घ्या, तिथे बहुतेक पैसे बँडला जातात. आणि नवीन अल्बम आठवडाभर तोच ठेवा, ट्रेनमध्ये, बसमध्ये, भांडी घासताना. पूर्वी हे काम रेडिओ करायचा, किंवा खिशात दुसऱ्या कॅसेटचे पैसे नसणं करायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला गाणं उघडतं.

कुठून सुरू करायचं ते तुम्हाला जुन्यातलं काय आवडतं त्यावर आहे. स्प्रिंगस्टीन, डायर स्ट्रेट्स, लांब रस्त्यावर गाडी चालवतानाची गिटार आवडत असेल तर फिलाडेल्फियाचा द वॉर ऑन ड्रग्ज, त्यांचा २०१४ चा 'लॉस्ट इन द ड्रीम'. बीटल्सचा तो रंगीबेरंगी काळ आवडत असेल तर टेम इम्पाला, पर्थचा केव्हिन पार्कर, स्टुडिओत जवळपास सगळं एकटा वाजवतो, २०१२ चा 'लोनरिझम' घ्या. एका खोलीत बसून वाजवलेलं हवं असेल तर बिग थीफचा २०१९ चा 'टू हँड्स', टेक्ससच्या वाळवंटातल्या स्टुडिओत बराचसा एकत्र, सलग वाजवून रेकॉर्ड केलाय, आवाज कुठे कुठे फाटतो आणि तो तसाच ठेवलाय. मेलबर्नच्या किंग गिझर्ड अँड द लिझर्ड विझर्डने २०१७ या एका वर्षात पाच अल्बम काढले, त्यातल्या 'फ्लाइंग मायक्रोटोनल बनाना' साठी त्यांनी गिटारला जादा पडदे बसवून घेतले, दोन सुरांच्या मधले सूर काढायला. ज्याचे कान श्रुतींवर तयार झालेत त्याला हे ऐकताना बाकी रॉक श्रोत्यांपेक्षा जास्त मजा येईल असं मला मनापासून वाटतं.

आणि मडू मोक्टार. हा नायजरमधला तुआरेग जमातीचा गिटारवादक, डावखुरा. पहिली गिटार त्याने स्वतः लाकडातून बनवली आणि तारा म्हणून सायकलच्या ब्रेकच्या वायरी लावल्या. त्याची सुरुवातीची गाणी पश्चिम आफ्रिकेत पसरली ती मोबाईलच्या मेमरी कार्डांवरून, या फोनमधून त्या फोनमध्ये, आपल्याकडे मोबाईलच्या दुकानात कार्डात गाणी भरून मिळायची तसंच, ना रेडिओ ना कंपनी. आज तो जगभर वाजवतो. हेंड्रिक्स किंवा व्हॅन हेलन ज्यांना आवडतो त्यांनी २०२१ चा 'आफ्रिक व्हिक्टीम' लावावा, त्यातलं त्याच नावाचं गाणं. गाणं लांब आहे, शब्द कळणार नाहीत, हरकत नाही. उत्तरार्धात बँडचा वेग वाढत जातो, गिटार पार सुटते, आणि ड्रमर तिला सोडत नाही. मोठ्या आवाजात लावा आणि पूर्ण ऐका, मग लगेच अजून एकदा.